२०० पैकी २१४ मार्क कसे पडतात? शिफ्ट, बोर्ड आणि नॉर्मलायझेशनची गोष्ट

हे या भागाचं लिहिलेलं रूप. आकडे ऐकताना निसटून जातात अशी तक्रार दर वेळी येते, म्हणून बोललो त्यापेक्षा इथे थोडं सविस्तर लिहिलंय. बसमध्ये उभे असाल तर ऐका, बसायला जागा मिळाली असेल तर वाचा.

सुरुवात करू जानेवारी २०२४ पासून. महाराष्ट्रातल्या तलाठी भरतीचा निकाल लागला. परीक्षा २०० मार्कांची होती आणि यादीत सगळ्यात वरच्या उमेदवाराला मार्क होते २१४. हो, २०० पैकी २१४. त्या दिवशी तुमच्या फोनवरही तो स्क्रीनशॉट आला असणार. "पेपर सोडवला की पेपरच छापला?" असले जोक सुरू झाले. विरोधी पक्षांनी चौकशी मागितली. ज्यांनी दोन-दोन वर्षं अभ्यासिकेत काढली होती, त्यांना मात्र जोक सुचत नव्हते.

त्यातलाच एक माझा मावसभाऊ. भरतीच्या तयारीसाठी तो आमच्याकडे मांजरीत राहायला होता. सकाळी डबा घेऊन हडपसरच्या अभ्यासिकेत जायचा, रात्री अकराला परत. निकाल लागला तेव्हा त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. उत्तरतालिकेवरून त्याचे मार्क होत होते १७२. यादीत होते १६६. "दादा, तू बीटेक ना? दिवसभर डेटावरच काम करतोस ना? मग सांग, माझे सहा मार्क कुठे गेले? आणि त्याला चौदा जास्तीचे कुठून आले?"

मी म्हणालो, "नॉर्मलायझेशन." तो म्हणाला, "ते नाव झालं. उत्तर सांग."

मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. हा भाग म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर. त्या भरतीत काही गैरप्रकार झाला की नाही, हा आजचा विषय नाही. विषय एवढाच की वेगवेगळ्या गटांचे मार्क एका यादीत आणायचे म्हणजे नक्की काय करायचं, आणि महाराष्ट्रात आपण त्यावरून इतकी वर्षं का भांडतोय.

आधी गणित, पाच मिनिटांत

तलाठी भरतीला दहा लाखांवर अर्ज आले होते आणि जागा होत्या साधारण साडेचार हजार. एवढे कॉम्प्युटर एका वेळी कुठून आणणार? म्हणून ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ मध्ये ही परीक्षा ५७ शिफ्टमध्ये झाली. ५७ शिफ्ट म्हणजे ५७ वेगळे पेपर. कुठला अवघड निघणार, कुठला सोपा. मग अवघड पेपरातले १५० आणि सोप्या पेपरातले १५० सारखे कसे धरायचे?

यावरचा जुना उपाय असा. मुलाचे मार्क एकटे बघू नका. त्याच्या गटाची सरासरी काढा आणि तो सरासरीपासून किती लांब आहे ते बघा. पण लांब म्हणजे किती? त्यासाठी एक माप लागतं. मार्क सरासरीभोवती किती पसरलेत ते सांगणारा हा आकडा, पाठ्यपुस्तकात त्याला प्रमाण विचलन म्हणतात. आपण एसडी म्हणू.

उदाहरण घ्या. पहिल्या शिफ्टची सरासरी ११०, एसडी २०. तिथे एकाला १४० पडले. म्हणजे तो सरासरीच्या ३० वर, दीड एसडी. दुसऱ्या शिफ्टची सरासरी १३०, एसडी १०. तिथे एकीला १४५ पडले. १५ वर, म्हणजे तीही दीड एसडी. कच्च्या मार्कांत ती पाचनं पुढे दिसते, पण आपापल्या गटात दोघं एकाच उंचीवर उभे आहेत.

मार्कांचा आलेख जर घंटेच्या आकाराचा असेल, म्हणजे मधे गर्दी आणि दोन्ही बाजूंना उतार, तर त्याला प्रसामान्य वितरण म्हणतात. या आलेखाची सोय अशी की एसडी कळला की जागा कळते. सरासरीच्या एक एसडी वर असाल तर साधारण ८४ टक्के मुलं तुमच्या खाली. दोन एसडी वर असाल तर जवळजवळ ९८ टक्के. आपण ज्याला पर्सेंटाइल म्हणतो, ती हीच जागा.

आता २१४ कडे. पुढचे आकडे माझे आहेत, फक्त हिशेब दाखवायला घेतलेत. समजा एका अवघड शिफ्टची सरासरी १००, एसडी २०. तिथे एका पठ्ठ्याला १९४ पडले. म्हणजे तो ९४ वर, ४.७ एसडी. सगळ्या शिफ्ट मिळून सरासरी समजा १२० आणि एसडी तोच, २०. मग त्याचे नवे मार्क होणार १२० अधिक ४.७ गुणिले २०. करून बघा. २१४.

म्हणजे सूत्रात चूक झालेली नसतानाही २०० च्या वर जाता येतं. पेपर २०० चा आहे हे सूत्राला माहीतच नसतं. घंटेच्या आलेखाला टोकाला भिंत नसते, पेपरला असते. प्रत्यक्षात वापरतात ती सूत्रं याहून लांबलचक असतात. सरासरी आणि एसडीबरोबर त्यात अगदी वरच्या मुलांचे मार्कही धरतात. पण २०० ची भिंत ओलांडली जाते ती अशीच. २१४ हा आकडा विचित्र दिसतो, पण एवढ्यावरून घोटाळा सिद्ध होत नाही. आणि सगळं ठीक आहे हेही सिद्ध होत नाही.

मावसभावाचे सहा मार्क उलट्या दिशेनं गेले. त्याच्या शिफ्टची सरासरी जास्त होती, म्हणून सूत्रानं ठरवलं की पेपर सोपा होता.

इथेच थांबा. सरासरी जास्त होती, म्हणून पेपर सोपा होता. या "म्हणून"मध्ये सगळी भानगड आहे. सरासरी जास्त यायला दोन कारणं असू शकतात. पेपर सोपा असेल, किंवा त्या शिफ्टमधली मुलं जास्त तयारीची असतील. नुसती सरासरी बघून यातलं कुठलं खरं ते कळत नाही. सूत्र न विचारता पहिलं कारण धरतं.

ही घंटा आली कुठून

घंटेचा आलेख परीक्षेसाठी बनला नव्हता. तो खगोलशास्त्रज्ञांच्या कामातला. एकाच ताऱ्याची जागा पुन्हा पुन्हा मोजली की दर वेळी थोडी वेगळी येते. त्या चुका खऱ्या आकड्याभोवती कशा पसरतात याचा हिशेब गाउसनं १८०९ मध्ये मांडला. पुढे बेल्जियमच्या क्वेटलेनं तोच आलेख माणसांना लावला. स्कॉटलंडच्या हजारो सैनिकांच्या छातीच्या मापांत त्याला तीच घंटा दिसली. मग इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टननं १८६९ च्या पुस्तकात ती बुद्धीला लावली, परीक्षेच्या मार्कांचा आधार घेऊन.

गाल्टन तिथे थांबला नाही. एका गटातल्या माणसांची उतरंड लावून झाल्यावर त्यानं अख्ख्या मानववंशांची उतरंड लावली. कोण किती पायऱ्या वर, कोण किती खाली. आपण कुठल्या पायरीवर असू हे सांगायला नको. त्याची मुख्य चूक बेरीज-वजाबाकीत नव्हती. दोन गट वेगळे दिसले की फरक माणसांच्या रक्तातच आहे, असं त्यानं धरून टाकलं.

नॉर्मलायझेशन याच्या बरोबर उलटं धरतं. दोन गट वेगळे दिसले की फरक पेपरचा, मुलं सारखीच. ऐकायला हे जास्त न्यायाचं वाटतं. पण धरून टाकणं दोन्हीकडे आहे.

मांजरीची द्राक्षं आणि साताऱ्याचे सुखात्मे

मग खरा फरक कशाचा हे कळणार कसं? याचं उत्तर शेतातून आलं, आणि त्याचा एक धागा आमच्या गावातून जातो.

मांजरीत, सोलापूर रोडला, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, १९९७ पासून. मांजरी नवीन, मांजरी मेडिका, मांजरी किशमिश ही द्राक्षाच्या जातींची नावं आहेत, आमच्या गावावरून ठेवलेली. लहानपणी मला याचं फार कौतुक होतं. तेव्हा मांजरी ग्रामपंचायत होती, महापालिकेत आम्ही २०२१ मध्ये आलो. पण द्राक्षावर नाव आधीच लागलं होतं.

आता विचार करा, नवी जात जुनीपेक्षा सरस आहे हे ठरवायचं कसं? नवी कालव्याच्या बाजूला लावली आणि जुनी मुरमाड कडेला, तर नवीला माल जास्त येणारच. त्यात जातीचं कर्तृत्व किती आणि पाण्याचं किती?

इंग्लंडच्या रॉथमस्टेड शेती केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ पासून हेच कोडं सोडवत होता. त्याचं उत्तर आपल्या भाषेत सांगायचं तर, चिठ्ठ्या टाका. शेताचे छोटे तुकडे करा आणि कुठल्या तुकड्यात कुठली जात लावायची हे चिठ्ठीनं ठरवा. मग चांगली जमीन आणि वाईट जमीन दोघींच्या वाट्याला साधारण सारखी येते. त्यानंतर जो फरक उरतो, तो नुसत्या योगायोगानं येण्याइतका लहान आहे की त्याहून मोठा, हे घंटेच्या आलेखावरून तपासता येतं.

आपल्याकडे ही पद्धत शेतीच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचवण्यात दोन मराठी नावं मोठी आहेत. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. फर्ग्युसनला शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्रात डॉक्टरेट केली, परत येऊन कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचं काम उभं केलं. या दोघांनी मिळून शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्राच्या पद्धतींचं जे पुस्तक लिहिलं, ते १९५४ मध्ये निघालं. कृषी महाविद्यालयात शिकलेल्या कुणालाही विचारा, "पानसे-सुखात्मे" म्हटलं की लगेच ओळख पटते.

त्या परंपरेतली एक गोष्ट आजच्यासाठी लक्षात ठेवा. गट चिठ्ठीनं पडले असतील, तर त्यांच्यातल्या फरकाचा अर्थ लावता येतो. गट आपोआप पडले असतील, म्हणजे कुणी निवडून, कुणी फी भरून, कुणी गावामुळे, तर नुसत्या सरासरीवरून काहीच ठरत नाही.

आता हे मनात ठेवून आपल्याकडची भांडणं बघू.

२००८ ते २०१०: मुंबईची अकरावी

मुंबईत चांगल्या कॉलेजात अकरावीला प्रवेश म्हणजे अर्ध्या-अर्ध्या टक्क्याची लढाई. एका बाजूला राज्य बोर्डाची मुलं, दुसऱ्या बाजूला आयसीएसई आणि सीबीएसईची. एसएससीच्या पालकांचं म्हणणं, त्यांच्याकडे मार्क सैल सुटतात, पाच चांगले विषय धरून टक्केवारी काढतात, आमची मुलं मागे पडतात. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आमचा अभ्यासक्रम अवघड, मार्क कष्टाचे.

२००८ मध्ये राज्य सरकारनं पर्सेंटाइलचं सूत्र आणलं. प्रत्येक बोर्डाचे मार्क त्या बोर्डातल्या वरच्या मुलांच्या तुलनेत मोजायचे आणि मग सगळ्यांची एक यादी करायची. आयसीएसईचे पालक उच्च न्यायालयात गेले आणि सूत्र रद्द झालं. २००९ मध्ये सरकारनं गणित सोडून सरळ वाटणी केली. ९० टक्के जागा एसएससीला, १० टक्के बाकीच्यांना. तेही जुलै २००९ मध्ये उच्च न्यायालयानं रद्द केलं. २०१० मध्ये तिसरा प्रयोग, एसएससीलाही सहापैकी सर्वोत्तम पाच विषय धरायचे. उच्च न्यायालयात तोही पडला, पण सर्वोच्च न्यायालयात टिकला.

तीन वर्षं, तीन उपाय आणि दर वेळी जून-जुलैत प्रवेश अडकलेले. शाळकरी वयात मला हे टीव्हीवरचं भांडण वाटायचं. आज बघताना जाणवतं की सूत्र कुठलंही आणलं असतं तरी भांडण मिटलं नसतं. कारण बोर्डं चिठ्ठ्या टाकून पडलेली नाहीत. आयसीएसईच्या शाळेत कोण जातं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत कोण जातं, हे घरच्या परिस्थितीनं ठरतं. त्यामुळे "दोन्ही बोर्डांचे पहिले दहा टक्के सारखे" म्हणणं हे गणित नाही, भूमिका आहे. ती घेता येते. सरकारनं ती उघडपणे घेऊन तिची बाजू मांडायला हवी होती. सूत्राआड ठेवली की समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं.

आणि गटाची सरासरी किती फसवी असते याचा एक नमुना बघा. एसएससीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के, २०१९ मध्ये ७७.१० टक्के आणि २०२० मध्ये ९५.३० टक्के. महाराष्ट्रातली मुलं एका वर्षात ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली का? नाही. २०१९ ला भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेकडून मिळणारे अंतर्गत २० मार्क बंद केले होते, पुढच्या वर्षी परत आणले. त्या सरासरीत मुलांपेक्षा नियम जास्त दिसत होता.

२०१५: माझी पाळी

इथे मला थोडं खरं बोलावं लागेल.

२०१३ मध्ये जेईई मेन आली. एनआयटीच्या रँकसाठी जेईईला ६० टक्के वजन आणि बारावीच्या मार्कांना ४० टक्के. पण बारावीची बोर्डं देशभर ढीगभर, मग ते मार्क नॉर्मलाइज करायचे. सूत्र मजेशीर होतं. तुमच्या बोर्डात तुमचा पर्सेंटाइल काढायचा. मग त्याच पर्सेंटाइलला देशभरातल्या जेईईत किती मार्क पडलेत ते बघायचं, हा पहिला आकडा. त्याच पर्सेंटाइलला फक्त तुमच्या बोर्डातल्या जेईई देणाऱ्या मुलांत किती पडलेत, हा दुसरा. आणि दोन्हींची सरासरी घ्यायची.

यातला पहिला आकडा म्हणतो, सगळी बोर्डं सारखी. दुसरा म्हणतो, बोर्डं वेगवेगळी आहेत आणि किती वेगळी ते जेईई सांगेल. दोन उलटी गृहीतकं, आणि अर्धं हे, अर्धं ते. कोडमध्ये आम्ही असं काही केलं तर रिव्ह्यू करणारा विचारतो, "भाऊ, नक्की काय ठरलंय?" पण मला ते कमिटीचं वागणं कळतं. उत्तर माहीत नसताना मधला रस्ता काढला.

२०१४ आणि २०१५ या दोन वर्षी महाराष्ट्रानंही इंजिनियरिंगचे प्रवेश जेईई मेनवर केले. राज्यात वाटणी निम्मी-निम्मी होती, जेईई ५० टक्के, बारावी ५० टक्के. मी त्या २०१५ च्या बॅचचा. क्लासहून घरी येताना मांजरीचं रेल्वे फाटक बंद असलं की सायकल उभी करून मी वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड करायचो. दौंडकडची मालगाडी जाईपर्यंत दोन-तीन शक्यता करून व्हायच्या.

माझी जेईई साधारण गेली होती, बारावी चांगली. मार्क नॉर्मलाइज झाले आणि मी वर सरकलो. माझ्या क्लासमधला एक मित्र सीबीएसईचा. जेईईत तो माझ्या बराच पुढे होता, पण स्वतःच्या बोर्डात त्याचा पर्सेंटाइल माझ्याएवढा नव्हता. यादीत तो माझ्या खाली आला. तो चिडला होता. मी त्याला समजावलं की पद्धत शास्त्रीय आहे, तज्ज्ञांनी बनवलीय.

नऊ वर्षांनी मावसभावानं मोबाइल पुढे धरला तेव्हा मला तो मित्र आठवला. सहा मार्क मिळाले की पद्धत शास्त्रीय, सहा मार्क गेले की अन्याय. मी तेव्हा सूत्र तपासलं नव्हतं, कारण ते माझ्या बाजूनं होतं.

२०१६ ला राज्य पुन्हा एमएचटी-सीईटीवर आलं आणि २०१७ पासून जेईईच्या रँकमधून बारावीचं वजनही गेलं. बोर्डांची तुलना करायचा प्रयत्न देशानं सोडून दिला म्हणा.

२०१९ नंतर: बोर्ड गेलं, शिफ्ट आली

२०१९ मध्ये एमएचटी-सीईटी ऑनलाइन झाली, अनेक शिफ्टमध्ये. तेव्हापासून निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. तुमच्या शिफ्टमधल्या किती टक्के मुलांना तुमच्याइतके किंवा कमी मार्क पडले, तो तुमचा आकडा, दशांशानंतर सात घरांपर्यंत. यात सरासरी लागत नाही, एसडी लागत नाही, आलेख घंटेचा असायची अटही नाही. प्रत्येक शिफ्टचा पहिला तो १००. म्हणून "२०० पैकी २१४" इथे होऊच शकत नाही.

पण गृहीतक तेच, दोन शिफ्टमधली मुलं सारखी. आणि इथे ते बऱ्यापैकी टिकतं. कारण शिफ्ट बोर्डासारखी नसते. कुठली शिफ्ट मिळणार हे घर, शाळा, फी यावर ठरत नाही, कॉम्प्युटर वाटतो. जेईई मेनच्या पद्धतीत तर स्पष्ट लिहिलंय की उमेदवार शिफ्टमध्ये यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे वाटले जातात. फिशरची चिठ्ठी ती हीच.

आकड्यात बघा. पंधरा हजार मुलं चिठ्ठीनं निवडली आणि मार्कांचा एसडी २० असेल, तर गटाची सरासरी नुसत्या योगायोगानं किती हलेल? २० भागिले पंधरा हजाराचं वर्गमूळ. वर्गमूळ साधारण १२२, म्हणजे उत्तर ०.१६ मार्क. पाव मार्कही नाही. अशा दोन शिफ्टमध्ये पाच-सहा मार्कांचा फरक आला, तर तो मुलांचा असूच शकत नाही, पेपरचाच. मग तो काढून टाकणं योग्य.

अर्थात याच्याही मर्यादा आहेत. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सीईटीत इंग्रजी आवृत्तीतल्या गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकले. एकाच शिफ्टमध्ये काहींचा पेपर बिघडलेला, काहींचा धड. गटातल्या सगळ्यांचा पेपर एकच, हीच अट मोडली. पर्सेंटाइल इथे काय करणार? शेवटी ५ मे ला फेरपरीक्षा घ्यावी लागली.

न्यायालयंही यावर बोललीत. २००७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या दिवाणी न्यायाधीशांच्या भरतीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं. तिथे सगळ्यांचे पेपर एकच होते, फक्त तपासणारे वेगळे. आयोगानं सरासरी आणि एसडीच्या सूत्रानं मार्क बदलले. न्यायालय म्हणालं, या कामाला हे सूत्र लागू नाही. तपासणाऱ्यांतला फरक तपासणी सुधारून मिटवा. आणि मे २०२५ मध्ये नीट-पीजीच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगितलं की नॉर्मलायझेशन अपवाद म्हणून ठीक, दर वर्षीची सवय म्हणून नाही. परीक्षा एकाच शिफ्टमध्ये घ्या. ऑगस्टमध्ये ती तशी झाली.

मग सहा मार्क कुठे गेले?

तलाठी भरतीत साडेआठ लाखांहून जास्त उमेदवार बसले आणि शिफ्ट ५७. एका शिफ्टला सरासरी पंधरा हजार, म्हणजे वरचा ०.१६ चा हिशेब इथेही लागतो. पण एका अटीवर. वाटप चिठ्ठीसारखं हवं.

समजा नसलं तर? समजा काही शिफ्टमध्ये एखाद्या भागातली मुलं जास्त आली, जिथे अभ्यासिका जास्त, क्लास जास्त. किंवा परीक्षा महिनाभर चालल्यामुळे शेवटच्या शिफ्टवाल्यांनी आधीचे प्रश्न टेलिग्रामवर वाचले. दोन्ही वेळा शिफ्टची सरासरी वर जाणार आणि सूत्र म्हणणार, पेपर सोपा होता, कापा मार्क. ज्यानं टेलिग्राम बघितलं नाही, त्याचेही.

मावसभावाला मी अखेर हे असं सांगितलं. तुझे सहा मार्क कुणी चोरले असं मी म्हणू शकत नाही. ते बरोबर कापले असंही म्हणू शकत नाही. सांगायला मला प्रत्येक शिफ्टचे चार आकडे हवेत: किती जण बसले, सरासरी किती, एसडी किती आणि शिफ्टचं वाटप कसं केलं. यात कुणाचं नाव नाही, कुणाची खासगी माहिती नाही. ५७ ओळींची एक एक्सेल शीट. कुठल्याही मोठ्या भरतीच्या निकालाबरोबर एवढी शीट जोडली, तर अर्ध्या शंका त्याच संध्याकाळी मिटतील. आणि उरलेल्या अर्ध्या शंका घेण्यासारख्या असतील.

त्यानं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे दादा, आम्ही इतके दिवस भलताच प्रश्न विचारत होतो. २१४ कसे आले हे विचारत बसलो. शिफ्ट कशी वाटली हे कुणी विचारलंच नाही."

तो पुढच्या भरतीचा फॉर्म भरून परत अभ्यासिकेत बसलाय. संख्याशास्त्राचा धडा आता तो मला शिकवतो, कारण तो त्याच्या अभ्यासक्रमात आहे आणि माझा विसरलाय. त्या सीबीएसईच्या मित्रालाही मी मेसेज केला, इतक्या वर्षांनी. तो आता बंगळुरूला असतो. मी लिहिलं, "२०१५ मध्ये तू चिडला होतास ते बरोबर होतं. निदान अर्धं तरी." त्याचं उत्तर आलं, "अर्धं म्हणजे पहिल्या आकड्याचं की दुसऱ्या?" त्याला सूत्र अजून पाठ आहे.

तुमच्यापैकी कुणी शिफ्टच्या परीक्षेला बसलं असेल, तर कच्चे मार्क आणि नॉर्मलाइज झालेले मार्क, दोन्ही मला कळवा. नाव नको, परीक्षा आणि शिफ्ट पुरे. पुरेसे आकडे जमले तर पुढच्या एखाद्या भागात आपण ते मांडून बघू. भेटू पुढच्या रविवारी.